सामूहिक ग्राहक तक्रार नव्या वकिलाकडे सोपवावी का? एका सेवेचं परीक्षण

बिल्डरने ताबा रखडवला की फ्लॅटधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. केस सगळ्यांनी मिळून करायची की आपापली? आणि वकील कोण? पहिल्या प्रश्नावर शंभर मतं पडतात. दुसऱ्यावर कुणीतरी एका मोठ्या वकिलाचं नाव सुचवतं, त्यांची फी ऐकून ग्रुप दोन दिवस गप्प होतो, आणि मग कुणाच्या तरी ओळखीचा चार-पाच वर्षं सनद असलेला तरुण वकील किंवा वकील मुलगी पुढे येते. हे परीक्षण त्याच सेवेचं आहे: ग्राहक आयोगात अनेकांच्या वतीने एकच तक्रार चालवणाऱ्या, अजून स्वतःचं मोठं ऑफिस नसलेल्या वकिलाची सेवा.

मत आधीच सांगून टाकतो. सेवा घेण्यासारखी आहे, आणि बऱ्याचदा नामांकित वकिलापेक्षा जास्त उपयोगी आहे. कारण सामूहिक तक्रार आयोगासमोरच्या भाषणावर क्वचितच हरते. ती हरते तक्त्यावर. दीडशे करारनामे एकेक पान उलटून वाचणं, कोणाचं दुखणं कोणाशी जुळतं ते पाहणं आणि ते तक्रारीत शब्दांत बांधणं, हे कष्टाचं काम आहे. हे काम करायला वेळ आणि भूक दोन्ही लागतं, आणि ते ज्याच्याकडे आहे तो सहसा तरुणच असतो.

आधी कायदा, म्हणजे वकिलाला काय विचारायचं ते कळेल

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५(१)(सी) प्रमाणे, समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांपैकी एक किंवा काहीजण, आयोगाची परवानगी घेऊन, सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतात. कलम ३८(११) सांगतं की अशा तक्रारीला दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर १ नियम ८ ची पद्धत लागेल. म्हणजे चार गोष्टी आल्या. परवानगीचा वेगळा अर्ज करायचा. परवानगी मिळाली की गटातल्या सगळ्यांना नोटीस जायला हवी, व्यक्तिशः, आणि ते शक्य नसेल तर वर्तमानपत्रातून जाहीर नोटीस, खर्च तक्रारदारांचा. ज्याला स्वतः पक्षकार व्हायचंय तो तसा अर्ज करू शकतो. आणि शेवटी जो निकाल लागेल तो गटातल्या सगळ्यांवर बंधनकारक, मग त्याने वकीलपत्रावर सही केलेली असो वा नसो.

या शेवटच्या मुद्द्याकडे लोक दुर्लक्ष करतात. तक्रार फेटाळली गेली तर जो शेजारी कधी मीटिंगलाही आला नाही, त्याच्या हक्कावरही पाणी पडू शकतं. म्हणून आयोग परवानगी देताना हात आखडता घेतो, आणि तसंच व्हायला हवं.

“समान हितसंबंध” म्हणजे काय, यावर सगळा खेळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये तामिळनाडू हाउसिंग बोर्ड विरुद्ध गणपती या प्रकरणात सांगितलं की प्रत्येकाला वेगळी मागणी-नोटीस आली म्हणून दावा अडत नाही. हित एक असलं की पुरे. ऑर्डर १ नियम ८ खालच्या स्पष्टीकरणातही हेच आहे: दाव्याचं कारण एकच असायला हवं असं नाही. ग्राहक आयोगापुरतं बोलायचं तर राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने २०१६ मध्ये अंबरीश कुमार शुक्ला प्रकरणात म्हटलं की एकाच प्रकल्पात एकाच बिल्डरविरुद्ध तक्रार असेल तर बुकिंगची तारीख किंवा फ्लॅटचा आकार वेगळा असल्याने बिघडत नाही.

इथवर वाचून लोकांना वाटतं, झालं, सगळे एकाच बोटीत. मग २०२१ चा ब्रिगेड एंटरप्रायझेस विरुद्ध अनिल कुमार विरमाणी हा निकाल वाचावा. बंगळुरूच्या त्या प्रकल्पात एकूण ११३४ फ्लॅट. ५१ फ्लॅटच्या ९१ खरेदीदारांनी सगळ्या प्रकल्पाच्या वतीने तक्रार केली. राष्ट्रीय आयोगाने परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. प्रकल्पात तीन ब्लॉक होते आणि त्यांच्या पूर्णत्वाच्या तारखा वेगळ्या होत्या, आणि उरलेल्या शेकडो लोकांची तक्रार हीच आहे हे दाखवणारा मजकूर तक्रारीत पुरेसा नव्हता. न्यायालयाने तक्रार फेकून दिली नाही. त्या ९१ जणांपुरती संयुक्त तक्रार म्हणून पुढे चालवायला सांगितलं. पण परवानगीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला तोवर मूळ प्रश्न जागच्या जागीच. कुणालाही हा वेळ परवडत नाही, घरभाडं आणि गृहकर्जाचा हप्ता दोन्ही भरणाऱ्याला तर नाहीच.

वकिलाची पहिली परीक्षा इथेच घ्यावी. त्याला ब्रिगेडबद्दल विचारा. “हो, सेमनेस ऑफ इंटरेस्ट”, म्हणजे समान हितसंबंध, एवढंच म्हणून थांबला तर पुढे विचारा: आमच्या प्रकल्पात तो कुठे मोडेल? ज्याने ही सेवा मनापासून करायची ठरवली आहे तो लगेच विंग, तारखा आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) विचारायला लागतो.

तक्ता

चांगली सेवा कशी दिसते ते इथे जवळून पाहू. पहिल्या महिन्यात वकिलाने एकही पान तक्रार लिहिलेली नसली तरी चालेल, पण एक एक्सेल शीट तयार व्हायला हवी. एका ओळीत एक फ्लॅट. रकाने साधारण असे: विंग आणि फ्लॅट क्रमांक, करारनाम्यावरची सगळी नावं, पती-पत्नी दोघं असतील तर दोघांची, नोंदणीची तारीख आणि दस्त क्रमांक, एकूण मोबदला, आजवर प्रत्यक्ष भरलेली रक्कम, जीएसटी आणि स्टॅम्प ड्युटी वेगळी, ताब्याची कबूल तारीख आणि ती करारातल्या कितव्या कलमात आहे, वाढीव मुदतीचे महिने, ताबा मिळाला का, मिळाला तर भोगवटा प्रमाणपत्रासह की नुसता “फिट-आउट”साठी, म्हणजे आतली कामं करून घेण्यापुरता, ताबा घेताना काही लिहून दिलं का, आणि याच बाबतीत आधी कुठे तक्रार केली आहे का, महारेरात (महाराष्ट्रातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणात) की आणखी कुठे.

शेवटचे दोन रकाने बहुतेक शीटमध्ये नसतात, आणि घात तिथेच होतो. गटाच्या नावाने तक्रार करणाऱ्यांपैकी एकाने आधीच महारेरात व्याजाचा हुकूम मिळवलेला असतो. बिल्डरचा वकील पहिल्याच उत्तरात तो हुकूम जोडतो, आणि आयोगासमोर पहिला प्रश्न उभा राहतो की हे सगळे खरंच एका गटात आहेत का. ही गोष्ट पंधरा मिनिटांच्या फोनवर कळली असती.

शीट भरली की गट आपोआप दिसू लागतो. समजा, ए विंगच्या ४८ करारांत ताबा डिसेंबर २०२१ असा आहे, बी विंगच्या ३६ करारांत जून २०२२ असा, आणि सी विंगच्या काही करारांत तारखेची जागाच कोरी सोडली आहे. घाईतला वकील गटाची व्याख्या लिहितो: “प्रकल्पातील सर्व त्रस्त सदनिकाधारक.” यात कोण येतं आणि कोण नाही हे आयोगाला कळत नाही. ज्याने शीट वाचली आहे तो लिहितो: “या प्रकल्पातील ए व बी विंगमधील असे सर्व सदनिकाधारक, ज्यांच्या नोंदणीकृत करारनाम्यात ताब्याची निश्चित तारीख नमूद आहे, ती तारीख उलटून गेली आहे, आणि ज्यांना तक्रार दाखल करण्याच्या दिवशी भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळालेला नाही.” या एका वाक्यात प्रत्येक फ्लॅटला हो किंवा नाही असं उत्तर मिळतं. दाद पण सूत्राने मागायची: करारातल्या तारखेपासून प्रत्यक्ष ताब्यापर्यंत, भरलेल्या रकमेवर व्याज. म्हणजे ए आणि बी विंगच्या तारखा वेगळ्या असूनही मागणी एकच राहते, गणित मात्र ज्याचं त्याचं.

सी विंगच्या कोऱ्या करारांचं काय? त्यांना बाहेर ठेवणंच शहाणपणाचं. त्यांचा वाद वेगळा आहे: तारीखच नसेल तर वाजवी मुदत किती. २०१८ च्या फॉर्च्युन इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध ट्रेव्हर डिलिमा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या परिस्थितीत तीन वर्षं वाजवी धरली होती. तो मुद्दा घेऊन त्यांनी वेगळी तक्रार करावी. हे सांगायला वकिलाला धीर लागतो, कारण सी विंगवाले ग्रुपवर नाराज होतात आणि त्यांची वर्गणीही जाते. तरीही जो वकील हे पहिल्याच मीटिंगला सांगतो, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

व्याख्येनंतर आणखी एक परिच्छेद हवा, जो ब्रिगेडमध्ये अपुरा पडला: गटात अंदाजे किती लोक आहेत, त्यांची तक्रार हीच आहे हे कशावरून, आणि त्याचा पुरावा. पुरावा म्हणजे बिल्डरने सगळ्यांना पाठवलेलं ताबा लांबल्याचं एकच ईमेल, महारेराच्या संकेतस्थळावरची बदललेली पूर्णत्वाची तारीख, आणि सह्या न केलेल्या लोकांनीही बिल्डरला लिहिलेली पत्रं. नवा वकील हे जमवायला कंटाळत नाही, ही या सेवेची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

कुठल्या आयोगात, आणि दिल्लीचा प्रश्न

इथे गणित लोकांना चकित करतं. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार भरलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाखांच्या वर आणि २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. एकट्याने तक्रार करायची तर ४५ लाख भरलेला माणूस आपल्या जिल्ह्यात जातो आणि १००० रुपये शुल्क भरतो. सामूहिक तक्रारीत मात्र, अंबरीश कुमार शुक्ला प्रकरणापासून, गटातल्या सगळ्यांची बेरीज धरण्याची रीत आहे. तो निकाल १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्याखालचा असला तरी वकिलाने ही बेरीज मांडूनच पुढे जावं. समजा, एखाद्या गटात १२० फ्लॅट आहेत: १२० गुणिले ४५ लाख म्हणजे ५४ कोटी. म्हणजे थेट राष्ट्रीय आयोग, नवी दिल्ली. शुल्क १० कोटींच्या वरच्या टप्प्याचं, ७५०० रुपये. त्याच १२० जणांनी वेगवेगळ्या तक्रारी केल्या असत्या तर शुल्काचेच १ लाख २० हजार झाले असते, पण तारखा आपल्याच शहरात पडल्या असत्या.

शुल्क वाचतं म्हणून सामूहिक तक्रार करू नये. दिल्लीतला स्थानिक वकील, जाहीर नोटीशीचा खर्च आणि दोन वर्तमानपत्रांतल्या जागेचे दर धरले तर वाचलेले पैसे कधीच संपतात. एक गोष्ट बरी झाली: तक्रार आता ऑनलाइन दाखल होते. त्यासाठी सप्टेंबर २०२० मध्ये ई-दाखिल हे पोर्टल सुरू झालं आणि १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलं. सुनावणीही व्हिडिओवरून होऊ शकते. स्क्रीनवर काम करायला सरावलेला तरुण वकील इथे पुढे असतो. पण तपासायच्या दोन गोष्टी आहेत. स्कॅन केलेली पानं शोधता येतील अशी आहेत का, आणि सगळ्या फाइलींना एकच सलग पान क्रमांक आहे का. १४०० पानांच्या तक्रारीत “जोडपत्र पी-७, पान ६१२” म्हटल्यावर ते पान दहा सेकंदात उघडलं नाही, तर तारीख वाया जाते.

अटी एकतर्फी होत्या, म्हणून “अनुचित करार” असा मुद्दा घ्यायचा असेल तर तो जिल्हा आयोगात चालतच नाही. राज्य किंवा राष्ट्रीय आयोगातच जावं लागतं. हे माहीत नसलेला वकील जिल्ह्यात तक्रार टाकतो आणि सहा महिन्यांनी परत घेतो.

सामूहिक हाच एक रस्ता नाही

चांगल्या सेवेची खूण ही की वकील तुम्हाला दुसरे रस्तेही सांगतो. पाच-दहा जण असतील तर संयुक्त तक्रार पुरते; परवानगी नको, जाहीर नोटीस नको. रेरा कायद्याच्या कलम ३१ खाली फ्लॅटधारकांची संघटना स्वतः तक्रार करू शकते, आणि रेरा असला तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही हे २०२० च्या इम्पेरिया स्ट्रक्चर्स निकालाने स्पष्ट झालं. दोन्हीकडे एकाच दादेसाठी मात्र जाता येत नाही.

सोसायटी झालेली असेल तर सोसायटीच्या नावाने तक्रार करावी असं अनेकांना सुचतं. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीच्या बाजूने महत्त्वाचा निकाल दिला: भोगवटा प्रमाणपत्र न मिळवणं हे चालू राहणारं चुकीचं कृत्य आहे, म्हणून तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत संपली असा बचाव चालत नाही. तिथे प्रमाणपत्र नसल्यामुळे रहिवाशांना २५ टक्के जास्त मालमत्ता कर आणि ५० टक्के जास्त पाणीपट्टी भरावी लागत होती. पण २०२० च्या शोभा हिबिस्कस निकालात, कायद्याने बंधनकारक असलेली फ्लॅटधारकांची संघटना ही “स्वेच्छा ग्राहक संघटना” नाही, म्हणून त्या नात्याने तिला तक्रार करता येत नाही, असंही ठरलं. सोसायटी कोणत्या नात्याने उभी राहते ते वकिलाने आधी ठरवायचं असतं. त्याला हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून समजावून सांगता आले पाहिजेत.

जनहित याचिकेचा विषय इथे वारंवार निघतो, कारण “सगळ्यांसाठी” हा शब्द दोन्हीकडे आहे. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली जनहित याचिका करता येते. १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालाने दुसऱ्याच्या वतीने कोर्टात येण्याची वाट रुंद केली. पण करारभंगाची भरपाई मिळवण्यासाठी ती वाट नाही. बिल्डरविरुद्ध जनहित याचिका करू म्हणणारा वकील तुमचा वेळ घालवतोय.

पार्श्वभूमी कशी तपासावी

सनद क्रमांक विचारा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा क्रमांक ‘एमएएच’ने सुरू होतो आणि त्यात वर्ष असतं. अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण असल्याचं सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस बघा. हे दोन कागद मागितल्याने कुठल्याही वकिलाचा अपमान होत नाही.

कॉलेजचं नाव आम्ही मोजत नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठातून आलेला असो वा तालुक्याच्या विधी महाविद्यालयातून, या कामात फरक पडतो तो ज्युनिअरशिप कुठे झाली याने. ग्राहक आयोगात नियमित उभं राहणाऱ्या सिनिअरकडे दोन वर्षं घासलेला ज्युनिअर, फौजदारी बाजूला पाच वर्षं काढलेल्यापेक्षा इथे सरस ठरतो. कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात काम केलं असेल तर आणखी चांगलं. तिथे लोकांकडून कागद मिळवायची सवय लागते. दहावी पास आजोबांना फोनवर “इंडेक्स टू”ची (नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत पाठवायला शिकवणं, आणि तेही चिडचिड न करता, हे या सेवेतलं खरं कौशल्य आहे.

उणीव कुठे असते तेही सांगायला हवं. नवा वकील परवानगीच्या अर्जावर जोर देतो आणि मुख्य तक्रारीतली दाद ढिली ठेवतो. समोरचा सिनिअर उभा राहिला की तो तारीख मागून मोकळा होतो, जिथे हट्ट धरायला हवा होता. उदाहरणार्थ, लेखी म्हणणं द्यायला बिल्डरला ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५ दिवस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० च्या हिल्ली मल्टिपर्पज निकालात सांगितलं की ४५ दिवसांपलीकडे आयोग मुदत वाढवू शकत नाही. तो निकाल जुन्या कायद्याखालचा, पण नव्या कायद्यातली मुदत तीच आहे. ४६ व्या दिवशी दिलेलं म्हणणं “हरकत नाही” म्हणून स्वीकारू देणं ही या सेवेतली सगळ्यात महागडी भीड आहे. त्यावर उपाय सोपा. फाइल तरुण वकिलाने तयार करायची, आणि परवानगीच्या अर्जाचा युक्तिवाद व अंतिम युक्तिवाद एवढ्यापुरता अनुभवी वकील बोलवायचा. पुढे कोण उभं राहणार आणि कधी, ते सुरुवातीलाच लेखी ठरवा.

फी

बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून फी घेता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा ठरवता येत नाही. “जिंकलो तरच द्या” असं कोणी म्हणत असेल तर तो तुमच्या फायद्याचा सौदा नाही, नियमभंग आहे. अमेरिकेत अशा केस वकील आपल्या पैशाने लढतात आणि भरपाईतून हिस्सा घेतात. इथे ती सोय नाही, म्हणून पैसे ग्रुपनेच उभे करायचे असतात. आम्ही सुचवतो ती पद्धत: फी टप्प्यांत, म्हणजे शीट आणि मसुदा, परवानगी, पुराव्याची शपथपत्रं, अंतिम सुनावणी. जाहीर नोटीस, दिल्लीचे खर्च आणि झेरॉक्स यांचं खातं फीपासून वेगळं. पैसे वकिलाकडे जमा न करता फ्लॅटधारकांच्या दोन प्रतिनिधींच्या संयुक्त खात्यात. आणि वकिलाने प्रत्येक टप्प्याची पावती द्यायची.

वर्गणी घेताना लक्षात ठेवा, ज्यांनी पैसे दिले नाहीत तेही गटात असतील तर त्यांनाही निकालाचा फायदा मिळतो. यावरून भांडणं होतात. तक्रार दाखल होण्याआधी भांडून घ्या. नंतर भांडलात तर बिल्डरला तेच हवं असतं.

मधल्या काळातली राखण

तक्रार दाखल झाल्यावर बिल्डर एकेकाला बोलावतो. ताबा घ्या, पण “कोणताही दावा नाही” असं लिहून द्या. २०२० च्या विंग कमांडर अरिफुर रहमान खान विरुद्ध डीएलएफ सदर्न होम्स या निकालात ३३९ फ्लॅटधारक होते. हक्क सोडल्याशिवाय ताबा किंवा खरेदीखत देणार नाही अशी अट सर्वोच्च न्यायालयाने अवाजवी मानली. तरीही सही केलेला कागद फाइलमध्ये आला की वर्षभर त्याच्यावरच वाद चालतो. चांगला वकील पहिल्याच मीटिंगला एक पानी सूचना वाटतो: ताबा घ्यायला हरकत नाही, पण पावतीवर “हक्क राखून” असं स्वहस्ते लिहा आणि त्याच दिवशी ईमेल करा.

संपूर्ण गटाच्या वतीने तडजोड करायची असेल तर ऑर्डर १ नियम ८ प्रमाणे आधी सगळ्यांना नोटीस जावी लागते. पुढे उभे राहिलेले तक्रारदार आपलं घर मिळाल्यावर सुस्तावले तर त्यांच्या जागी दुसऱ्याला उभं करता येतं. हे दोन उपनियम सहसा कोणी वापरत नाही. वापरावेत. म्हणूनच पुढे उभं राहणाऱ्यांत किमान चारजण वेगवेगळ्या मजल्यांचे, वेगवेगळ्या रकमांचे आणि किमान एक निवृत्त माणूस हवा, ज्याला दिल्लीची तारीख पाळायला वेळ आहे.

निकालानंतरचं काम सेवेत धरलं आहे का, हेही विचारून घ्या. बिल्डर रक्कम देत नाही तेव्हा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली अंमलबजावणी आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करावा लागतो. ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. राष्ट्रीय आयोगाच्या मूळ निकालावर बिल्डरला सर्वोच्च न्यायालयात अपील करायचं असेल तर निम्मी रक्कम भरावी लागते. ती भरली आहे का हे तिसाव्या दिवशी तपासणारा वकील हवा. फीच्या पत्रात “अंमलबजावणी अर्जासह” हे दोन शब्द नसतील तर ते घालून घ्या.

आणि ती एक्सेल शीट, स्कॅन केलेले करारनामे आणि दाखल केलेल्या तक्रारीची सलग क्रमांकाची प्रत, हे सगळं दर तीन महिन्यांनी दोन्ही प्रतिनिधींच्या पेनड्राइव्हवर घ्या. तरुण वकील पुढे न्यायाधीशपदाची परीक्षा देतात, दुसऱ्या शहरात जातात, कंपनीत नोकरी धरतात. त्यात वावगं काही नाही. नवा वकील आला तर त्याच्या हातात पहिल्या दिवशी ४८ अधिक ३६ ओळींची ती शीट पडली पाहिजे.